काळ्या खडकांतील रंग

आपल्या सह्याद्रीचा रंग कोणता, असा प्रश्न एखाद्या मराठी मुलास केला, तर तें क्षणभरहि विचार न करतां 'काळा' असें उत्तर देईल. काळाकभिन्न कातळ, काळा फत्तर, काळ्या पाषाणाची मूर्ति. आपल्या बोलण्यांत दगड म्हटला कीं तो काळाच असावयाचा. रंगीत खडक पाहावयाचे असतील तर परदेशीं जावें, अशी सुशिक्षितांची समजूत झालेली आहे, आणि हल्लीं प्रत्येकाच्या हातांत आलेल्या मोबाईलवरील चित्रांनीं ती अधिकच घट्ट केली आहे. अमेरिकेंत कोलोरॅडो नदीनें कोरलेली जी प्रचंड दरी १९१९ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली, तिचे तांबडे-पिंवळे थर आपल्यापैकीं पुष्कळांनीं चित्रांत पाहिले आहेत. त्याच ॲरिझोना प्रांतांत, नव्हाहो लोकांच्या भूमींत, अँटेलोप कॅन्यन नांवाची एक चिंचोळी घळ आहे. तेथील वालुकाश्म कोठें नारिंगी, कोठें गुलाबी, कोठें जांभळा असा दिसतो. ज्यांचीं मुलें तिकडे नोकरीस आहेत अशा आमच्या कॉलनींतील तीन घरांत तरी त्या घळीचें चित्र भिंतीवर टांगलेलें मीं पाहिलें आहे. त्या सौंदर्याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु नाशिकहून पहाटे निघून रात्रीं परत येतां येईल अशा अंतरावर त्याच घडणीची एक घळ आहे. तिलाहि रंग आहेत, आणि ते कसे पाहावे हें मात्र आपणांस कोणी शिकविलेलें नाहीं.

ती घळ म्हणजे सांदणदरी. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या अगदीं कडेवर साम्रद नांवाचें लहानसें गांव आहे. त्या गांवाबाहेर थोडें चाललें कीं दरीचें तोंड लागतें. नाशिकहून मुंबईच्या हमरस्त्यानें घोटीपर्यंत जावें, तेथें डावीकडे वळून बारी गांवावरून, म्हणजे कळसूबाईच्या पायथ्यावरून, शेंडीस यावें. शेंडी हेंच भंडारदऱ्याचें गांव. तेथून १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय डाव्या हातास ठेवीत उडदावण्यावरून रस्ता साम्रदकडे जातो. एका बाजूस १,६४६ मीटर उंचीची कळसूबाई, पुढें अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्गम गड, समोर रतनगड आणि त्याच्या माथ्यावरील आरपार नेढें, असा हा थाट आहे. हा सर्व मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. १९८६ सालीं जाहीर झालेल्या या अभयारण्याचा विस्तार सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत कायद्याच्या दृष्टीनें भेद आहे खरा. पण मुलांनीं खिशांत दगड भरून आणूं नयेत, ही गोष्ट दोहींकडे सारखीच.

सांदण या नांवाविषयीं एक शब्द. दोन घरांमधील अरुंद बोळास आपण सांद किंवा सांदी म्हणतों, आणि दरीचें रूप पाहतां हें नांव तिला शोभतें. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसास येथें 'संधि' शब्द आठवल्यावांचून राहत नाहीं, पण व्युत्पत्तीचा आग्रह मी धरीत नाहीं. कोंकणांतील भगिनींना याच नांवाचें फणसाचें पक्वान्न आठवेल. त्याचा या दरीशीं कांहीं संबंध नाहीं, असें घरच्या मंडळींचें समाधान मला वाटेंतच करावें लागलें.

आतां रंगांकडे वळूं. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथें पृथ्वीच्या पोटांतून तप्त शिलारस वर आला. एकदां आला नाहीं, पुनःपुन्हां आला, पसरला आणि निवाला. थरावर थर चढत गेले. आज त्यांचा विस्तार सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर उरलेला आहे. आपल्या डोंगरांना ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच होत, आणि स्वीडिश भाषेंतील 'पायरी' या अर्थाच्या शब्दावरूनच या खडकास भूशास्त्रांत 'ट्रॅप' हें नांव मिळालें. खडकाची जात बेसॉल्ट. ताजा फोडलेला बेसॉल्ट करडा-काळा असतो, हें कबूल. परंतु त्याच्या अंगांत लोखंड पुष्कळ असतें, आणि लोखंड असलें कीं हवा व पाणी यांना रंगाऱ्याचें काम मिळतें. गंज चढतो तसा तोच काळा दगड पिंवळट होतो, तपकिरी होतो, तांबडा होतो.

घाटांत रस्त्यासाठीं डोंगर कापलेला असतो तेथें काळ्या थरांमध्यें विटकरी रंगाचा एखादा पट्टा पुष्कळदां आढळतो. शिलारसाचा एक पूर निवाल्यावर दुसरा येईपर्यंत दीर्घ काळ लोटला, तेवढ्यांत खालच्या थराचा पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली. मग वरून नवा रस आला आणि ती माती त्याखालीं दडपली व भाजली गेली. आमच्या न्यायवैशेषिक शास्त्रांत पाकजरूप म्हणून एक विषय आहे. कच्चें मडकें काळपट असतें, आव्यांत भाजलें कीं तांबडें होतें. तेजाच्या संयोगानें होणारा हा पालट नऊ द्रव्यांपैकीं पृथ्वींतच होतो, असें तें शास्त्र सांगतें. हा पालट सुट्या परमाणूंत होतो कीं सबंध मडक्यांत होतो, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांनीं शतकानुशतकें वाद घातला. तर्कसंग्रह शिकवितांना मीं हें प्रकरण वर्गांत पस्तीस वर्षें सांगितलें, आणि उदाहरण दरवेळीं कुंभाराच्या मडक्याचेंच दिलें. घाटांतला तो विटकरी पट्टा शाळेच्या सहलीच्या गाडींतून दरवर्षीं दिसत असे.

याहून मौजेचा भाग पुढें आहे. रस निवत असतां त्यांत वायूचे बुडबुडे अडकून राहिले. त्यांच्या पोकळ्यांत पुढें खनिजांनीं भारलेलें पाणी झिरपलें आणि स्फटिक जमले. जर्दाळूच्या रंगाचा स्टिल्बाइट, पाण्यासारखा किंवा फिकट हिरवा ॲपोफिलाइट, पांढऱ्या सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट, गडद हिरवा सेलॅडोनाइट. यांतील कित्येक खनिजें झिओलाइट या वर्गांत मोडतात. तापविलीं असतां त्यांतील पाणी उकळून बाहेर पडतें, म्हणून क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ सालीं ग्रीक भाषेंतील 'उकळणारा दगड' अशा अर्थाचें हें नांव घडविलें. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या परिसरांतील दगडखाणींत निघालेले असे स्फटिक जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत मानानें ठेवलेले आहेत. आपण मात्र त्याच डोंगराचा दगड खडी म्हणून रस्त्यावर पसरतों. सिन्नर येथें 'गारगोटी' नांवाचें खनिजांचें संग्रहालय आहे. ज्यांना दरींत उतरणें प्रकृतीमुळें शक्य नाहीं त्यांनीं निदान तें तरी मुलांसह पाहावें. आणि अजिंठा? तींहि लेणीं याच काळ्या खडकांत कोरलेलीं. तेथील चित्रकारांनीं गेरू, पिंवळी माती आणि हिरवी माती याच दख्खनी खडकाच्या पोटांतून काढली. गडद निळ्यासाठीं जो राजावर्त लागला तो तेवढा परदेशांतून आणावा लागला. दीड हजार वर्षांपूर्वींच्या त्या कारागिरांना हा दगड काळा वाटला नव्हता.

एवढी पूर्वपीठिका मनांत ठेवून गेल्या पौषांत आम्ही साम्रदला गेलों. बरोबर मुलगा आणि नात. नात पुण्यास महाविद्यालयांत शिकते, तिला छायाचित्रणाचा नाद आहे, आणि महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठीं तिला एक चित्र हवें होतें. माझ्या तरुणपणीं मजजवळ आग्फा क्लिक थ्री नांवाचा साधा कॅमेरा होता. एका रिळावर बारा चित्रें निघत आणि तीं सर्व कृष्णधवल. बारा चित्रांत वर्ष काढावयाचें असल्यामुळें आम्ही एकेका चित्रासाठीं फार वेळ पाहत असूं. पण त्यांत रंग पाहण्याचें कारणच नव्हतें. नातीच्या कॅमेऱ्यांत हजार चित्रें मावतात. ती मात्र त्या दिवशीं तिपाई मांडून, एकेका जागीं वीस-वीस मिनिटें बसून काम करीत होती, हें पाहून मला समाधान वाटलें.

साम्रदमधील एक तरुण महादेव कोळी वाटाड्या म्हणून बरोबर घेतला होता. सकाळचा चहा त्याच्याच घरीं झाला, आणि परतल्यावर तांदळाची भाकरी, पिठलें आणि ठेचा तयार ठेवण्याचें त्याच्या आईनें कबूल केलें. वाटेवर करवंदीच्या जाळ्या, उंबर, आणि मग एकाएकीं जमीन दुभंगलेली. दरी सुरू होते ती अशी. लांबून तिचा मागमूसहि लागत नाहीं. सपाट पठारांत एक उभी चीर, आणि तिच्यांतून पायऱ्यांसारख्या दगडांवरून आपण खालीं उतरतों. खडकांत पूर्वींच असलेल्या उभ्या भेगेच्या अनुरोधानें पावसाळ्यांतील पाण्यानें ही वाट कापीत नेली. दोन्हीं बाजूंच्या भिंती दोनशें फुटांहून अधिक उंच जातात, आणि कांहीं ठिकाणीं दोन्हीं हात पसरले तर बोटें भिंतींना लागतात कीं काय असें वाटतें. तळाला सपाट जागा अशी नाहींच; घरापासून ताटापर्यंत सर्व आकारांचे दगड एकावर एक पडलेले. त्यांवरून तोल सांभाळीत जावयाचें. "गुरुजी, पाय आधीं टेकवा, मग भार टाका," असें वाटाड्या दर दहा पावलांवर सांगे, आणि एखाद्या शिळेकडे बोट करून, "ह्याला हात लावूं नका, हा हालतो," असेंहि सांगे. कोणता दगड हालतो हें त्याला घरांतील पाटाप्रमाणें ठाऊक होतें.

थोडें आंत गेल्यावर पहिलें पाणी लागतें. हिवाळ्यांत तें गुडघ्याच्या वर, कधीं मांडीपर्यंत असतें, आणि थंडी अशी कीं पाय आपले राहत नाहींत. पुढें दुसरें पाणी त्याहून खोल असतें. साठी उलटलेल्या माणसास हें झेपेल कीं नाहीं, असा प्रश्न मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. वाटाड्यानें माझा एक हात धरला, मुलानें दुसरा; पादत्राणें गळ्यांत अडकविलीं आणि आम्ही पार झालों. वाचकांपैकीं माझ्या वयाच्या मंडळींना सांगतों कीं पहिल्या पाण्यापर्यंत जाऊन तेथेंच बसलें तरी निम्मी दरी पाहिल्याचें श्रेय मिळतें. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनीं पुढें जाण्याचा हट्ट धरूं नये.

दरींत शिरल्यावर पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही, कीं येथें ऊन नाहीं. सूर्य माथ्यावर येतो तेव्हां मध्यान्हीं थोडा वेळ उन्हाची एक पट्टी तळापर्यंत पोंचते; एरव्हीं सारा दिवस प्रकाश येतो तो भिंतींवर आपटून, परावृत्त होऊन येतो. एका भिंतीच्या माथ्यावर ऊन पडतें, तिचा मधासारखा उजेड समोरच्या भिंतीवर उतरतो, तेथून पुन्हां अलीकडे येतो. जेथें हा उजेड पोंचत नाहीं तेथें वरच्या निळ्या आकाशाचा उजेड येतो. म्हणून एकच दगड एका अंगानें मधाळ आणि दुसऱ्या अंगानें निळसर दिसतो. दगडाचे स्वतःचे रंग त्याखालीं असतात. मीं एका जागीं बसून ते मोजूं लागलों. ताज्या भंगलेल्या ठिकाणीं राखी. झिरपत्या पाण्याच्या वाटेवर काळे ओघळ, ते शेवाळाचे. लोखंडाचा तपकिरी आणि गेरूसारखा डाग. शिरांत भरलेलें पांढरें खनिज. ओलीवर मखमलीसारखें हिरवें शेवाळ, आणि कोरड्या भागावर दगडफुलाचे फिकट, चांदीच्या नाण्याएवढे ठिपके. अर्ध्या तासांत डोळा सरावला, आणि जी भिंत आल्याबरोबर एकसारखी काळी दिसली होती ती पैठणीच्या जुन्या काठासारखी दिसूं लागली.

डोळा सरावतो म्हणजे काय होतें, हें नातीनें मला समजावून सांगितलें. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशींना रंग कळतो, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद उजेडांतहि काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीं. उन्हांतून अंधारांत आलेला मनुष्य प्रथम रंगांना मुकतो तो यामुळें. कॅमेऱ्याचें तसें नाहीं. तो आपलें दार चार सेकंद, दहा सेकंद उघडें ठेवून थेंबाथेंबानें उजेड सांठवितो, आणि आपल्याला जो रंग जेमतेम जाणवतो तो त्याच्या चित्रांत भरपूर उतरतो. अर्थात् दरींत काढलेलें चित्र डोळ्यांना दिसलेल्या दृश्याहून अधिक रंगीत असणें ही लबाडी नव्हे. यंत्राचा तो धर्म आहे.

लबाडी कोठें सुरू होते, हा खरा प्रश्न. कॅमेरा आपल्या अकलेनें 'पांढरें कशाला म्हणावें' हें ठरवितो, आणि निळ्या सांवलींत त्याची ही अक्कल फार चुकते. नातीनें पिशवींतून एक पांढरा कागद काढला, दगडावर ठेवला, आणि प्रत्येक जागीं आधीं त्या कागदाचें चित्र घेतलें. पुढें संगणकावर तो कागद पांढरा दिसेपर्यंत सर्व रंग सरकवावयाचे. मग दगडाचा रंग दगडाजवळ येतो. ही युक्ति इतकी साधी आहे कीं मोबाईलवर चित्रें काढणाऱ्यांनींहि ती करून पाहावी. मात्र कागद परत खिशांत घालावा. दरीच्या तोंडाशीं लोकांनीं टाकलेला कागद आणि कचरा पुष्कळ आहे. शिवाय एका शिळेवर कोणीं प्रेमी युगुलानें आपलीं नांवें तैलरंगानें लिहून ठेवलीं आहेत. सहा कोटी वर्षांच्या रंगांवर तो एक पिंवळा रंग.

तंटा झाला तो घरीं आल्यावर. नातीनें संगणकावर एकाच चित्राच्या तीन प्रती केल्या. पहिली कॅमेऱ्यानें आपण होऊन दिलेली, निळसर. दुसरी कागदाच्या आधारें दुरुस्त केलेली. करडा, तपकिरी, हिरवा, पांढरा, सगळे रंग आपापल्या जागीं आणि सगळे मवाळ. तिसरी तिच्या मित्रमंडळींच्या सल्ल्यानें भडक केलेली. तींत सांदणदरीची भिंत जांभळी-नारिंगी झाली होती, थेट ॲरिझोनांतल्यासारखी. चित्रांत प्रमाण कळावें म्हणून मला भिंतीपाशीं उभें केलेलें होतें. तिसऱ्या प्रतींत माझ्या पांढऱ्या केसांनाहि जांभळी झांक आली होती.

"आजोबा, दुसरी प्रत खरी आहे हें मलाहि कळतं," ती म्हणाली. "पण ती प्रदर्शनांत लावली तर तिच्यापुढें कोणी दोन सेकंदसुद्धां उभं राहणार नाहीं."

तिच्या बोलण्यांत तथ्य होतें, तें मी नाकारीत नाहीं. स्पर्धेंत शंभर चित्रांत एक निवडावयाचें असतें आणि परीक्षकाचे डोळेहि माणसाचेच. तिनें आणखी एक मौज सांगितली. अँटेलोप कॅन्यनचें 'फँटम' नांवाचें एक चित्र ६५ लक्ष डॉलरांना विकलें गेल्याचें पीटर लिक या छायाचित्रकारानें २०१४ सालीं जाहीर केलें. जगांतील त्या अत्यंत रंगीत घळीचें तें चित्र कृष्णधवल आहे! तेव्हां रंग खरा असावा कीं खोटा, हा वादच व्यर्थ, असें तिचें म्हणणें.

मीं तिला तर्कसंग्रह काढून दाखविला. अन्नंभट्टानें रूपाचे सात प्रकार मानले आहेत : शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश, आणि सातवें चित्ररूप. अनेक रंगांच्या धाग्यांनीं विणलेल्या वस्त्राचा रंग कोणता, असा प्रश्न आला तेव्हां नैयायिकांनीं त्यांतील एकाहि धाग्याच्या रंगाचें नांव वस्त्राला दिलें नाहीं; असा मिश्र रंग हाच एक स्वतंत्र रंग आहे, असें त्यांनीं ठरविलें. सांदणच्या भिंतीचा रंग हा असा चित्ररंग आहे. कृष्णधवल चित्र रंगाविषयीं बोलतच नाहीं, तें प्रकाशाविषयीं बोलतें. म्हणून त्यावर खोटेपणाचा दोष येत नाहीं. भडक चित्र मात्र रंगाविषयीं बोलतें आणि दगडाला नाहीं तो रंग सांगतें. नातीनें ऐकून घेतलें. पटलें कीं नाहीं, तें त्या दिवशीं कळलें नाहीं. जेवणाची वेळ झाली होती.

येथें थोडें विषयांतर करून पाण्याविषयीं लिहिणें अवश्य आहे, कारण पुष्कळ कुटुंबें मुलांना घेऊन तिकडे जाऊं लागलीं आहेत. साम्रदच्या शेजारील घाटघर हें गांव पावसासाठीं इतकें प्रसिद्ध आहे कीं त्याला नगर जिल्ह्याचें चेरापुंजी म्हणतात. या पठाराच्या पूर्व अंगाचें पाणी प्रवरेला मिळून गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जातें, आणि सांदणच्या चिरेंत शिरलेलें पाणी कड्यावरून कोंकणांत कोसळून अरबी समुद्रास मिळतें. अशा जागीं पठारावरील पाऊस घळींत येतो तेव्हां तो वाढत येत नाहीं, तो भिंतीसारखा येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं अँटेलोप कॅन्यनमध्यें ११ प्रवासी अशाच लोंढ्यांत सांपडून मृत्यु पावले. घळीवर त्या वेळीं पाऊस नव्हता. तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगास पडला होता. म्हणून पावसाळ्यांत दरींत उतरूं देत नाहींत तें योग्यच आहे, आणि मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. अवकाळी ढग दिसले तर आलेल्या वाटेनें परतावें, मग गाडीभाडें कितीहि पडलेलें असो. गांवचा वाटाड्या घ्यावाच. शनिवार-रविवार टाळावे. दरीच्या पुढल्या टोकास उभे कडे आहेत. तेथून दोरांच्या साह्यानें खालीं कोंकणांतील डेहणें गांवाकडे उतरणारे गिर्यारोहक असतात, पण तो मार्ग शिकलेल्या लोकांचा आहे. आम्ही त्या टोकाशीं बसून समोर आजोबाचा डोंगर पाहिला, तिळाच्या वड्या खाल्ल्या आणि मागें फिरलों.

फाल्गुनांत तो वाटाड्या कांहीं कामासाठीं नाशिकला आला होता, तेव्हां आमच्याकडे येऊन गेला. नात सुट्टीस आलेलीच होती. तिनें तिन्ही प्रती कागदावर छापून घेतल्या होत्या, त्या त्याच्यापुढें मांडल्या आणि कोणती बरी म्हणून विचारलें. तिसरी प्रत त्यानें हातांत घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलें, "ही कुठली?" दुसरी घेतल्यावर मात्र तो जवळ सरकून पाहूं लागला. चित्रांत मी उभा होतों त्याच्या बऱ्याच वर, माझ्या दुपटीहून अधिक उंचीवर, भिंतीवर एक आडवी हद्द होती. तिच्या खालीं दगड घांसून काढल्यासारखा फिकट करडा, तिच्या वर शेवाळ, दगडफूल आणि लोखंडाचा तपकिरी डाग. आम्हां तिघांपैकीं कोणाच्याहि लक्षांत ती आली नव्हती. तिसऱ्या प्रतींत तर ती जांभळ्यांत बुडून नाहींशीच झाली होती.

"गुरुजी, श्रावणांत पाणी इथपर्यंत असतं," तो म्हणाला, आणि त्यानें बोट कागदावर डावीकडून उजवीकडे फिरविलें. मग कोणत्या वर्षीं त्याहूनहि वर चढलें होतें, त्या वेळीं गांवचीं गुरें कोठें अडकलीं, हें तो बराच वेळ सांगत बसला, आणि नात तें लिहून घेत होती. प्रदर्शनास तिनें दुसरी प्रत पाठविली. खालीं नांव घातलें : 'सांदणदरी, श्रावणांतील पाण्याची रेषा'.